पत्रासोबत पुरावाही

शाळेच्या जीवशास्त्रात हायड्रा येतो तो एका आकृतीपुरता. गोड्या पाण्यात पाणवनस्पतींना चिकटून राहणारा, नखाएवढाही नसलेला जीव. तोंडाभोवती धाग्यांसारखे हात. आणि मधोमध कापला तर दोन्ही तुकड्यांतून दोन पूर्ण हायड्रा तयार होतात, हे एक वाक्य. ते पाठ करायला काहीच कष्ट पडत नाहीत. पण १७४० सालच्या युरोपात हे वाक्य कुणी उच्चारलं असतं, तर ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घेतली असती. फांदी तोडून लावली की झाड होतं, हे शेतकऱ्यालाही ठाऊक होतं. प्राण्याचं तसं नव्हतं. प्राण्याला आत्मा असतो, निदान चलनवलन घडवणारं एक अखंड चैतन्य असतं, आणि ते सुरीनं दुभंगत नाही, अशी विद्वानांची धारणा होती. तरीही तीन वर्षांच्या आत पॅरिस, लंडन, लायडन आणि जिनिव्हा इथल्या जाणत्यांनी ही गोष्ट मान्य केली. शोध लावणारा अब्राहम ट्रेम्ब्ली हा तिशीतला एक शिकवणीचा मास्तर होता. त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता आणि त्याच्यामागे कुठलीही विद्यापीठाची गादी नव्हती. अशा माणसाची इतकी अवघड गोष्ट लोकांनी का मानली? माझ्या मते याचं उत्तर त्या काळच्या पत्रव्यवहारात आहे. आणि त्यातही पत्रासोबत पडताळ्याचं साधन पाठवण्याच्या एका विशिष्ट सवयीत आहे.

ट्रेम्ब्ली मूळचा जिनिव्हाचा. हेगजवळच्या झोर्गव्लीट इथं काउंट बेंटिंकच्या दोन मुलांना तो शिकवत असे. १७४० च्या उन्हाळ्यात चराचं पाणी आणि त्यातल्या पाणवनस्पती त्यानं काचेच्या भांड्यात आणून ठेवल्या होत्या. वनस्पतींवर हिरवट रंगाचे काही बारीक जीव चिकटलेले दिसले. ते आखडत, पसरत, भांडं फिरवलं तर हळूहळू उजेडाच्या बाजूला सरकत. ही वनस्पती की प्राणी, हे त्याला ठरवता येईना. मग त्यानं अगदी सरळ विचार केला: कापून पाहू, दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी. २५ नोव्हेंबरला त्यानं पहिला जीव कापला. काही दिवसांतच दोन्ही तुकडे पूर्ण झाले. कसोटीप्रमाणे ही वनस्पती ठरायला हवी होती, पण हे दोन्ही नवे जीव चालत होते आणि पुढच्या निरीक्षणांत तर ते भक्ष्य पकडून गिळताना दिसले. आपणच ठरवलेली कसोटी आपल्यालाच पुरेनाशी झाली, तेव्हा ट्रेम्ब्लीनं पॅरिसला रेओम्यूरला पत्र लिहिलं. रेओम्यूर हा फ्रेंच विज्ञान अकादमीतला ज्येष्ठ सभासद आणि कीटकांवरच्या बहुखंडी ग्रंथाचा कर्ता. युरोपभरातले हौशी निरीक्षक आपापली निरीक्षणं त्याला कळवत असत.

रेओम्यूरनं ते पत्र उडवून लावलं नाही आणि त्यावर लगेच विश्वासही ठेवला नाही. त्यानं जीव मागवले. १७४१ च्या सुरुवातीला ट्रेम्ब्लीनं काचेच्या नळीत पाणी भरून त्यात ते पाठवले, पण नळीचं तोंड लाखेनं बंद केलेलं असल्यामुळे पॅरिसला पोचेपर्यंत सगळे मरून गेले होते. दुसऱ्या खेपेला बंदोबस्त बदलला आणि जीव जिवंत पोचले. रेओम्यूरनं स्वतः कापले, स्वतः पाहिले, वनस्पतितज्ज्ञ बेर्नार द झुस्यूला दाखवले आणि मार्च महिन्यात अकादमीसमोर ठेवले. हा प्राणीच आहे, असा निर्णय झाला आणि त्याला पॉलिप हे नावही मिळालं. या सगळ्यात लाखेनं मारलेल्या त्या पहिल्या खेपेकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. अपयशी ठरलेली खेप हा इथं संशयाचा पुरावा मानला गेला नाही. पत्र गेलं, दुरुस्ती झाली, दुसरी खेप निघाली. लबाड माणूस पहिल्या खेपेच्या अपयशाआड लपला असता. ट्रेम्ब्लीनं ते अपयशच पुढच्या खेपेच्या सूचनांमध्ये वापरलं. नंतर तो जिथं जिथं हे जीव पाठवी, तिथं ते कसे ठेवायचे, काय खाऊ घालायचं, कुठं आणि कसे कापायचे, हे सविस्तर लिहून पाठवी.

लंडन जास्त सावध होतं. रॉयल सोसायटीला ही वार्ता आधी पत्रांतूनच कळली. फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँनं मार्टिन फोक्सला लिहिलं, लायडनच्या ग्रोनोव्हियसनं पीटर कॉलिन्सनला लिहिलं. पण बातमीवर तिथं कुणी समाधान मानलं नाही. १७४३ च्या मार्चमध्ये, सोसायटीचा अध्यक्ष झालेल्या फोक्सकडे हॉलंडहून जिवंत पॉलिप पोचले, ते सभासदांसमोर कापले गेले आणि मग संशय गळून पडला. त्याच वर्षी ट्रेम्ब्लीला सोसायटीचं सभासदत्व आणि कॉप्ली पदक मिळालं. त्याचा स्वतःचा ग्रंथ मात्र १७४४ साली लायडनहून छापून आला. हा क्रम नीट पाहायला हवा. मान्यता आधी आली, पुस्तक नंतर. ज्यांनी मान्यता दिली त्यांनी ट्रेम्ब्लीचा छापील ग्रंथ वाचलेला नव्हता. त्याची हस्ताक्षरातली पत्रं वाचली होती आणि त्या पत्रांसोबत आलेला जीव आपल्या हातानं कापला होता.

यात नवीन काय, हे कळायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याची सूक्ष्मजीवांविषयीची प्रसिद्ध पत्रं १६७० च्या दशकात रॉयल सोसायटीकडे आली. पाण्याच्या थेंबात हजारो प्राणी असल्याचा दावा १६७६ च्या पत्रात होता. सोसायटीनं खात्री मागितली तेव्हा लेव्हेनहुकनं आठ प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी पाठवल्या. त्यांत धर्मोपदेशक होते, नोटरी होता. आम्ही त्याच्या भिंगातून पाहिलं, ते खरं आहे, असं त्यांनी लिहून दिलं. आपली उत्तम भिंगं आणि ती वापरण्याची रीत मात्र त्यानं हयातीत कुणाला दिली नाही. शेवटी सोसायटीच्याच रॉबर्ट हूकनं स्वतःच्या उपकरणांनी ते प्राणी पाहिले तेव्हाच प्रश्न मिटला. म्हणजे तोवर दूरच्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याचा मुख्य आधार होता पाहणाऱ्याची पत. दिवाणी खटल्यात चालते तशीच ही रीत: साक्षीदार भला असेल तर साक्ष खरी. ट्रेम्ब्लीच्या वेळेपर्यंत निसर्गअभ्यासकांनी दुसरी रीत रुळवली होती. कोण सांगतो याला महत्त्व राहिलं, ते पूर्ण कधीच जात नाही. पण ऐकणाऱ्याला स्वतः तपासता येईल असं काही सांगणारा सोबत देतो का, हा प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसला. हा बदल कुठल्याही अकादमीनं ठराव करून आणला नाही. पत्र लिहिता लिहिता तो झाला.

पत्रानं पडताळा कसा घडवला, याचं दुसरं उदाहरण आपल्या शेतकऱ्यांना चांगल्या ओळखीच्या किडीचं आहे. पिकावर पडणारा मावा नराशिवाय पिल्लं घालतो की काय, अशी शंका बरेच दिवस होती. रेओम्यूरनं आपल्या ग्रंथात प्रयोग सुचवला: नुकतं जन्मलेलं एक पिल्लू एकटं वाढवा आणि पाहा. त्याला स्वतःला तो तडीस नेता आला नव्हता. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या मुलानं १७४० च्या मे महिन्यात तो हाती घेतला. एक पिल्लू त्यानं जन्मल्यापासून काचेखाली वेगळं ठेवलं आणि दिवसभर त्यावर नजर ठेवून नोंदी केल्या. जून महिन्यात त्या एकट्या मादीनं ९५ पिल्लं घातली. बॉनेनं रेओम्यूरला कळवलं, रेओम्यूरनं अकादमीला. आणि या तरुणाला अकादमीचा पत्रसभासद करण्यात आलं. गोष्ट इथं संपली असती तर ती कौतुकाची ठरली असती, शास्त्राची नाही. पण ट्रेम्ब्लीनं पत्रातून बॉनेला एक शंका विचारली: एका मीलनाचा परिणाम आईपुरताच टिकतो असं कशावरून? तो पुढच्या काही पिढ्यांना पुरत असेल तर? शंका आज विचित्र वाटेल, पण तिचं उत्तर एका पिढीच्या प्रयोगात नव्हतं हे खरंच. बॉनेनं मग एकट्या ठेवलेल्या मादीचं पिल्लू एकटं, त्याचं पिल्लू पुन्हा एकटं, अशा सलग अनेक पिढ्या वाढवल्या आणि मगच १७४५ साली आपला ग्रंथ छापला. त्या ग्रंथातला सगळ्यात भक्कम प्रयोग बॉनेच्या मेहनतीइतकाच ट्रेम्ब्लीच्या शंकेचा आहे. मित्राची शंका पत्रातून खासगी येते, म्हणून ती अपमान न वाटता काम होऊन बसते. छापील टीकेत हे क्वचित साधतं. तिथं चूक कबूल करायला माणूस नाखूश असतो, कारण जग वाचत असतं.

निसर्गअभ्यासाच्या बाहेरही हीच रीत दिसते आणि तिथं तर ती महासागर ओलांडते. वर उल्लेख आलेला पीटर कॉलिन्सन हा लंडनचा क्वेकर कापडव्यापारी. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन बार्ट्रम या शेतकऱ्याशी त्याचा पत्रव्यवहार १७३० च्या दशकात सुरू झाला आणि अमेरिकेतल्या झाडाझुडपांच्या बिया पेट्या भरभरून इंग्लंडच्या बागांमध्ये येऊ लागल्या. याच कॉलिन्सननं फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला विजेच्या प्रयोगांसाठी काचेची नळी आणि ती घासून वापरण्याची माहिती पाठवली. बेंजामिन फ्रँकलिननं त्यावर प्रयोग सुरू केले आणि १७४७ पासून निष्कर्ष कॉलिन्सनलाच पत्रानं कळवले. ती पत्रं १७५१ साली लंडनला पुस्तकरूपानं निघाली. त्यांत एक प्रस्ताव होता: उंच जागी टोकदार लोखंडी सळई उभी करा, वादळी ढग वरून जाताना तिच्यातून ठिणगी काढून पाहा, निघाली तर आकाशातली वीज आणि नळीतली वीज एकच. फ्रेंच भाषांतर झालं, आणि १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावी दालिबार या फ्रेंच अभ्यासकानं उभारलेल्या सळईतून ठिणग्या निघाल्या. त्या क्षणी दालिबार स्वतः हजर नव्हता. त्यानं राखणीला ठेवलेल्या एका निवृत्त सैनिकानं त्या काढल्या. मला या तपशिलाचं मोल फार वाटतं. अटलांटिकपलीकडून आलेल्या सूचना इतक्या स्पष्ट होत्या की त्या लिहिणारा, त्या वाचून मांडणी करणारा आणि प्रत्यक्ष हात लावणारा ही तीन वेगळी माणसं असूनही प्रयोग पार पडला. पुढच्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये रिशमान हा अभ्यासक अशाच प्रयोगात वीज पडून मरण पावला. सूचना प्रवास करत होत्या, धोक्याची पूर्ण जाणीव अजून व्हायची होती.

ही पत्रं आजच्या अर्थानं खासगी नव्हती, हे सांगायला हवं. पत्र मिळालं की ते घरी येणाऱ्या अभ्यासकांना वाचून दाखवलं जाई, त्याचा उतारा तिसऱ्याला पाठवला जाई, अकादमीच्या बैठकीत ते वाचलं जाई. लिहिणाऱ्यालाही हे माहीत असे. बर्नचा आल्ब्रेश्ट फॉन हालर हा वैद्य, वनस्पतितज्ज्ञ आणि कवी. सुमारे १,२०० जणांशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि त्यातली सतरा हजारांच्या आसपास पत्रं आज शिल्लक आहेत. त्यानं उतारवयात आपल्याला आलेली पत्रं छापून टाकली. त्यांत स्वीडिश वनस्पतितज्ज्ञ कार्ल लिनियसनं तरुणपणी मोकळ्या मनानं लिहिलेली पत्रंही होती, आणि स्वतःच्या आयुष्यातल्या नाजूक गोष्टी अशा चव्हाट्यावर आलेल्या पाहून लिनियस दुखावला. त्याचं दुखावणं मला समजतं. पण पत्र पाच-सात वाचकांसमोर जाणार, या जाणिवेनंच लिहिणाऱ्याला तारीख, जागा, माप आणि रीत लिहायची सवय लावली, हेही तितकंच खरं. खर्चही शिस्त लावी. इंग्लंडात टपालाचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे आणि तो कागदांच्या संख्येवर व अंतरावर ठरे. म्हणून निरर्थक पानं पाठवणं हा समोरच्याच्या खिशावर भार होता.

माझ्या या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की पत्रांना एवढं श्रेय कशाला? अकादम्या होत्या, छापखाने होते, १६६५ पासून निघणारं रॉयल सोसायटीचं नियतकालिक होतं. विज्ञान त्यांनी घडवलं; पत्रं म्हणजे त्यांच्यातली ने-आण. हा आक्षेप हलका नाही, पण तो घटनाक्रमापुढे टिकत नाही. त्या नियतकालिकातला मोठा भाग मुळात सोसायटीला आलेली पत्रंच होती. अकादमीत सभासद मोजके, आणि शोध लावणारे बहुतेक तिच्या बाहेर: हेगचा मास्तर, जिनिव्हाचा तरुण, फिलाडेल्फियाचा मुद्रक फ्रँकलिन. अकादमी निर्णय देत होती, पण निर्णयासाठी लागणारा ऐवज तिच्यापुढे पत्रानंच येत होता. शिवाय छापील पान एकाच दिशेनं बोलतं. लिनियसनं १७५३ साली सहा हजारांच्या आसपास वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारा ग्रंथ काढला, तेव्हा त्यातल्या कित्येक वनस्पती त्यानं कधी जिवंत पाहिल्या नव्हत्या. सुमारे ६०० जणांशी असलेला त्याचा पत्रव्यवहार, त्यातून येणारी वाळवलेली रोपं आणि बिया, आणि पुढच्या आवृत्तीसाठी येणाऱ्या दुरुस्त्या यांवर तो ग्रंथ उभा होता. ग्रंथ हा त्या व्यवहाराचा दर काही वर्षांनी काढलेला ताळेबंद होता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पत्रव्यवहारातून उभ्या राहिलेल्या विद्वानांच्या या प्रजासत्ताकात बरोबरीचा देखावा असला तरी लॅटिन किंवा फ्रेंच न येणारा, टपालाचा खर्च न झेपणारा, स्त्री म्हणून जन्मलेला, वसाहतीत राहणारा माणूस त्यात कुठं होता? हे खरं आहे आणि ते झाकण्याचं कारण नाही. तरी पडताळ्याची रीत काही बंद दारं किलकिली करत होती, हेही नोंदवलं पाहिजे. १ ऑगस्ट १७८६ रोजी कॅरोलिन हर्शेलला एक धूमकेतू दिसला. भाऊ विल्यम त्या वेळी जर्मनीत होता. तिनं दुसऱ्याच दिवशी रॉयल सोसायटीचा सचिव चार्ल्स ब्लॅग्डेन याला पत्र लिहून धूमकेतूची आकाशातली जागा सांगितली आणि इतर खगोलअभ्यासकांना कळवायची विनंती केली. काही दिवसांतच सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्यासह मंडळी तिच्याकडे येऊन तो पाहून गेली. ज्या संस्थेनं स्त्रियांना सभासद म्हणून १९४५ पर्यंत घेतलं नाही, तिनं एका स्त्रीचा शोध तिच्या नावावर मान्य केला. कारण सांगितलेल्या जागी दुर्बीण लावणाऱ्याला ती स्त्री आहे की पुरुष, याचा विचार करावा लागत नव्हता.

भारताच्या बाबतीत मात्र हीच रीत उलटी लागू पडली, आणि इथं मला माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडायला हवी. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत निघालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या केरळी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. कोचीचा हा कोंकणी समाज मूळ गोमंतकातून दक्षिणेकडे गेलेला. झाडं ओळखून दिली, त्यांचे औषधी गुण सांगितले, हे खरं आहे, अशी ग्वाही त्यांनी आपल्या नावानिशी दिली. लेव्हेनहुकच्या आठ साक्षीदारांचा आणि या चौघा वैद्यांचा काळ एकच, आणि त्यांची जागाही तीच: विश्वास साक्षीवर चालत होता, म्हणून साक्ष देणाऱ्याचं नाव छापावं लागलं. लिनियसनं या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला.

शंभर वर्षांनी चित्र बदललं. तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या डॅनिश ठाण्यात लिनियसचा विद्यार्थी योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ साली मिशनचा वैद्य म्हणून आला आणि गुरूला रोपं पाठवू लागला. तिथलाच मिशनरी क्रिस्टोफ सामुएल योन बर्लिनला मार्कुस ब्लोख या वैद्याकडे मासे पाठवत असे. ब्लोखनं आपल्या मत्स्यग्रंथांत एका माशांच्या प्रजातीला त्याच्या नावावरून ‘जोनियस’ म्हटलं. आपल्या किनाऱ्यावर ढोमा म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांपैकी काही याच प्रजातीतले. पण तो मासा जाळ्यात ओळखून योनला आणून देणारा कोळी कोण? रोप कुठल्या रानात, कुठल्या ऋतूत फुलतं हे क्योनिगला सांगणारा कोण? त्यांची नावं शास्त्राच्या नामावळीत पोचली नाहीत. नमुना स्वतःच बोलू लागला की तो आणून देणाऱ्याच्या साक्षीची गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही की नावही उरत नाही. मद्यार्कात बुडवलेला मासा बर्लिनमध्ये कुणीही तपासू शकत होता. त्याच कारणानं कोळ्याचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. पडताळ्याच्या रीतीनं हेगच्या अनोळखी मास्तराला पत मिळवून दिली आणि कोरोमंडलच्या कोळ्याला पुसून टाकलं. वसाहतीची सत्ता, भाषेची दरी आणि मिशनऱ्यांचा वरचष्मा ही कारणं आहेतच, पण त्यांना ही रीत सोयीची पडली, हे मान्य केल्याशिवाय तिचं कौतुक करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

श्रेयाचा प्रश्न युरोपातही निघाला. ट्रेम्ब्लीचे पॉलिप फोक्सकडे आले, फोक्सकडून हेन्री बेकर या सूक्ष्मदर्शकप्रेमी अभ्यासकाकडे गेले, आणि बेकरनं १७४३ संपायच्या आत पॉलिपवर इंग्रजीत पुस्तक छापलं. पुस्तकाचं रूप फोक्सला लिहिलेल्या पत्राचं. ट्रेम्ब्लीचा स्वतःचा ग्रंथ तेव्हा तयार होत होता. पीटर लियोने त्याच्या आकृत्यांवर काम करत होता. साधन सढळ हातानं वाटलं की असं होतं, आणि म्हणून झाकून ठेवणाऱ्या लेव्हेनहुकचंच बरोबर होतं, असं कुणी म्हणेल. पण बेकरच्या पुस्तकानं ट्रेम्ब्लीचं काय गेलं? पॉलिप कुणी शोधला याविषयी लंडनमध्ये कुणालाच शंका नव्हती, कारण जीव कुठून, कुणाकडून, केव्हा आले हे डझनभर पत्रांत लिहिलेलं होतं. उलट, त्याच्या सर्वांत अविश्वसनीय प्रयोगाला, म्हणजे पॉलिप मोज्यासारखा आतून बाहेर उलटा केला तरी तो जगतो या दाव्याला, दुसऱ्या हातांची नितांत गरज होती. हा प्रयोग फार नाजूक. लायडनच्या आलामांला तो साधला, तेव्हाच ट्रेम्ब्लीचं म्हणणं एकट्याचं राहिलं नाही.

शेवटचा आक्षेप सत्याविषयीचा आहे. पत्रांनी चुकाही तितक्याच वेगानं पसरवल्या, वाद मिटवले नाहीत, असं म्हणता येईल. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन नीडहॅमनं १७४८ साली मटणाचा रस्सा तापवून, बूच लावून ठेवला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्मजीव वळवळताना दिसले, आणि निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप उपजतो, या मताला ब्युफाँसारख्या मोठ्या माणसाचं बळ मिळालं. इटालियन निसर्गअभ्यासक लाझारो स्पालांझानीला हे पटलं नाही. त्यानं कुप्यांची तोंडं ज्योतीवर वितळवून बंद केली, जास्त वेळ उकळलं, आणि १७६५ साली छापलं की अशा कुप्यांत जीव दिसत नाहीत. बॉनेशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार याच सुमारास सुरू झाला. नीडहॅमनं माघार घेतली नाही. १७६९ च्या फ्रेंच भाषांतराला टिपा जोडून त्यानं लिहिलं की एवढ्या उकळण्यानं द्रव्यातली जननशक्ती क्षीण होते आणि कुपीत कोंडलेली हवा बिघडते. मग जीव उपजेल कसा? स्पालांझानीनं नवे प्रयोग करून १७७६ साली उत्तर दिलं, त्यात बॉनेची पत्रंही छापली. द्रव्याच्या शक्तीविषयीचा भाग त्यानं बराचसा निकालात काढला. कोंडलेल्या हवेचा मुद्दा मात्र त्याच्या बंद कुप्यांनी सुटण्यासारखा नव्हता, आणि तो सुटला नाही.

वाद मिटला नाही, इतकं खरं. पण दोन्ही बाजूंनी आपली रीत एवढी उघडी मांडली होती की नेमकं काय दाखवायचं राहिलं आहे, हे पुढच्या पिढ्यांना कागदावर वाचता येत होतं: बिघडवलेली हवा नको, कोंडलेली हवा नको, साधी बाहेरची हवा आत जाऊ द्या आणि मग दाखवा. १८६० च्या आसपास लुई पाश्चरनं हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या कुप्या केल्या. त्यांचं तोंड उघडं होतं, हवा मोकळेपणानं ये-जा करत होती, फक्त धूळ आणि तिच्यासोबतचे जंतू नळीच्या वळणात अडकत होते. रस तसाच स्वच्छ राहिला; मान मोडली की नासला. नीडहॅमनं जी अट घातली होती, ती तंतोतंत पाळून त्याला दिलेलं हे उत्तर होतं, अट घातल्यापासून सुमारे नव्वद वर्षांनी.